सातवी ओळ

माया ओव्हाळ भित्री आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उमापुरात कुणालाही विचारा. पालीला भिते, विजेच्या कडकडाटाला भिते, अनोळखी नंबरावरून फोन आला तर तो वाजून वाजून थकेपर्यंत नुसती बघत बसते. बत्तीस वर्षांची पदवीधर बाई, गावात ‘कंप्युटरवाली माया’ म्हणून नाव, आणि दिवे लागल्यावर गिरणीवरून दळण आणायचं झालं तर आईला सोबत नेते. पुढची हकीकत ऐकून कुणाला वाटेल की ही मुळातच धीट असणार. नव्हती. अजूनही नाही.

फक्त एका जागी तिची भीती पायताणांबरोबर दाराबाहेर राहायची. गेवराईच्या बाहेरच्या अंगाला एका शिक्षणसंस्थेची तीन मजली इमारत आहे. तिथल्या कंप्युटर लॅबमध्ये ती आठ वर्षं सहायक होती, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. साठ मशीन तिच्या हाताखाली. अकरा नंबरचा पंखा घरघरतो, चाळीस नंबरला थंडीत चालू व्हायला वेळ लागतो, असं एकेकाचं दुखणंखुपणं तिला तोंडपाठ होतं. आणि ती काळी खिडकी. पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा आणि मशीननं तो पाळायचा, ती. ती उघडली की चांगले चांगले सर लोक दोन पावलं मागं सरायचे. माया मात्र तिथं माहेरी आल्यासारखी बसायची. सांगितलं तेवढंच करते, मनात काही ठेवत नाही, टोमणा मारत नाही. माणसांत असं कुठं मिळतं?

ही लॅब सरकारी भरतीच्या परीक्षांना भाड्यानं जायची. मायानं स्वतः अशा चार परीक्षा दिल्या होत्या. चौथ्या वेळी दोन गुणांनी हुकली, त्या दिवशी तिनं पुस्तकं सुतळीनं बांधली आणि वाचनालयात नेऊन दिली. आई चतुराबाई अंगणवाडीत मदतनीस, वडील नाहीत, घर दोघींचंच. रडायलाही फार वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी लॅब उघडायची होती.

तर त्या शनिवारी दुपारी व्यवस्थापक सुंदरराव लॅबच्या दारात आले आणि म्हणाले, “माया, भाऊसाहेबांनी बोलावलंय.”

भाऊसाहेब म्हणजे विजयसिंह, संस्थेचे मालक. तालुक्याचं राजकारण त्यांच्या ओसरीवर शिजतं. आठ वर्षांत माया त्यांच्या केबिनमध्ये दोनदा गेली होती, दोन्ही वेळा प्रिंटर दुरुस्त करायला.

“बसा,” भाऊसाहेब म्हणाले. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. चहा आला. भाऊसाहेबांनी कामाचा एक शब्द काढला नाही.

“आईची तब्येत बरी हाय ना? अंगणवाडीतच हायेत अजून?”

“हाव.”

“किती वर्षं राह्यली त्यांची?”

“तीन.”

“घर बी तेच ना? विहाराच्या मागचं, कोपऱ्यावरचं?”

“हाव.”

“चांगलं हाय,” भाऊसाहेब हसले. “चहा घ्या, गार व्हायलाय.”

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पण मायानं कपबशी तशीच टेबलावर ठेवून दिली. या माणसाला आपलं घर कोपऱ्यावरचं आहे हे ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे हे त्याला आपल्याला सांगायचं आहे.

बाहेर आल्यावर सुंदररावांनी खिशातून डायरीचा फाडलेला कागद काढला. सुंदरराव पंचावन्न वर्षांचे, खिशाला दोन पेनं, तीस वर्षं संस्थेचं मीठ खाल्लेले. कागदावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात हुकमाच्या सात ओळी लिहिल्या होत्या. मायानं पहिली ओळ वाचली आणि तिला निम्मं कळलं, बाकीचं सुंदररावांनी हळू आवाजात सांगितलं.

त्या ओळींनी लॅबमधल्या एका मशीनचं दार बाहेरच्यासाठी उघडणार होतं. उद्या रविवारी परीक्षा. तेवीस नंबरच्या सीटवर एक उमेदवार बसणार. वरच्या मजल्यावर, बंद खोलीत, पुण्याहून आणलेला एक हुशार माणूस दुसऱ्या मशीनवर बसणार. तेवीसचा स्क्रीन त्याला तिथं दिसणार, त्याचा माऊस हलला की तेवीसवरचा बाण हलणार. प्रश्न वर सुटणार आणि गुण खाली पडणार.

“सर, मला न्हाई जमायचं हे,” माया म्हणाली.

“जमायचा सवाल कुठं आला?” सुंदरराव कुजबुजले. “लॅब तूच चालवतीस. आन तूच चालवतीस हे साऱ्यांला ठावं हाय. उद्या काय वर-खाली झालं तर कुणाचं नाव निघंल, सांग बरं?”

परीक्षा घेणाऱ्या कंपनीची दोन माणसं सराव-चाचणी उरकून जेवायला गेली होती. लॅबमध्ये कॅमेरे चालू, त्यामुळे तेवीसला हात लावायचा नव्हता. लॅबमागच्या मायाच्या खोलीत, जिथं मुख्य मशीन होतं, तिथं कॅमेरा नव्हता. तिथं बसूनच काळ्या खिडकीतून तेवीसच्या आत शिरायचं होतं.

ती बसली. सुंदरराव पाठीमागं उभे राहिले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुणीतरी त्यांना पढवून पाठवलं होतं.

“सात ओळी हायेत. दर ओळीला मशीननं ‘काम झालं’ म्हणलं पायजे. सात वेळा. म्या मोजणार हाय.” आणि त्यांनी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला.

पहिली ओळ. तेवीसच्या पोटात एक खाना असतो, बाहेरच्यांना नकार द्यायचा. त्यात एक आकडा होता, त्याच्या जागी शून्य बसलं. नकार संपला. काम झालं. दुसऱ्या ओळीनं मशीनच्या राखणदाराला सांगितलं, येणाऱ्याला अडवू नको. काम झालं. तिसरीनं झोपलेली सेवा जागी केली, चौथीनं पाहुण्याच्या नावाचं खातं उघडलं, पाचवीनं त्या खात्याला आत यायचा हक्क दिला, सहावीनं तो हक्क थेट मालकाच्या बरोबरीचा केला. अक्षरं उमटत होती, बोटं चालत होती आणि काळी खिडकी पहिल्यांदाच मायाला परकी वाटत होती. इतकी वर्षं जी सांगितलं तेवढंच करते म्हणून आवडली, ती आज सांगितलं तेवढंच करत होती.

“सहा,” सुंदरराव म्हणाले.

सातवी ओळ सगळ्यांत लहान होती. मशीनची एक रीत असते. बाहेरून कुणी स्क्रीन हाताळायला मागितलं, तर ते समोर बसलेल्याला आधी विचारतं, अमुक जण तुमचं मशीन चालवू म्हणतो, चालवू देऊ का? हो की नाही? सातवी ओळ हे विचारणं बंद करत होती. तिच्या शेवटी एक आकडा होता, दोन. दोन म्हणजे विचारू नको, सरळ ताबा दे.

मायाची बोटं थांबली. तिनं काही ठरवलं होतं असं नाही. ठरवण्याइतकं डोकं जागेवरच नव्हतं. पाठीवर सुंदररावांचा श्वास, आणि नजरेसमोर ‘विचारू नको’ असा अर्थ असलेला एक आकडा. काळ्या खिडकीत वरचा बाण दाबला की आधी लिहिलेली ओळ पुन्हा उमटते. तिच्या बोटानं वरचा बाण दाबला. सहावी ओळ आली. तिनं एंटर मारला.

मशीन म्हणालं, काम झालं.

“सात!” सुंदररावांनी अंगठा सातव्या पेरावरून उचलला आणि सुस्कारा सोडला. “बघ, झालं का न्हाई? उगं भितीस तू.”

ते गेल्यावर मायाला कळलं आपण काय केलं ते. सातवी ओळ अजूनही टाकता आली असती. ती पंधरा-वीस मिनिटं कीबोर्डसमोर बसून राहिली. शेवटी कंपनीची माणसं जेवून आली, खोलीला सील लागलं आणि प्रश्नच मिटला.

घरी चतुराबाईंनी भाकरी वाढली. माया तुकडा मोडून तसाच हातात धरून बसली.

“कावून थरथरायलीस गं?”

“काय न्हाई. एसीत बसून बसून.”

“उन्हाळ्यात?”

मायानं ताट बाजूला सारलं. कोपऱ्यावरचं घर, रस्त्यावरून गाडी गेली की तिचा प्रकाश थेट भिंतीवर यायचा. त्या संध्याकाळी प्रत्येक गाडीला ती उठून उभी राहिली.

रविवारी सकाळी उमेदवारांची रांग लागली. बूट बाहेर, पट्टे बाहेर, मनगटातले धागे कात्रीनं कापले जात होते. लातूरहून निरीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या, सुती साडी आणि पायात खेळाचे बूट. त्या प्रत्येक रांगेतून फिरत होत्या, आणि त्या जवळून गेल्या की मायाला आपल्या कपाळावर सगळं लिहिलेलं आहे असं वाटत होतं.

तेवीसवर कोण येणार याचं चित्र तिनं मनात काढून ठेवलं होतं. गॉगल, पांढरे कपडे, तोंडात इलायची, असा कुणीतरी. आली ती एक किडकिडीत मुलगी. तेल लावून घट्ट वेणी, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लिहून लिहून पडलेला घट्टा. हजेरीपटावर नाव सायली. सुंदरराव स्वतः तिला जागेपर्यंत सोडायला आले तेव्हा मायाला कळलं की ही भाऊसाहेबांची भाची.

नऊला पेपर सुरू झाला. माया मागच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली. तेवीसवरची मुलगी खाली मान घालून कच्च्या कागदावर भराभर आकडेमोड करत होती. उत्तर काढायची, दाबायची, पुढं. एकदा चुकलं वाटतं, कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा केलं. माया बघत राहिली. ज्याला आयतं मिळणार आहे ते माणूस असं करत नाही.

ती खोलीच्या दाराशी आली. बाहेर सुंदरराव उभे होते.

“सर, त्या पोरीला ठावं हाय ना?”

“काय?”

“वरचं.”

सुंदररावांना प्रश्नच विचित्र वाटला. “तिला काय सांगायचं? घरातलीच पोरगी हाय. माऊस हालायला लागला की समजंल तिला, गप बसंल. अकरावीला कुठं घालायचं, कोण्या होस्टेलात ठिवायचं, आजपोतर तिला इचारून केलंय का कुणी?”

हे खरं होतं, आणि त्या घराची सगळी हुशारी इथंच आंधळी झाली. लेकीबाळींचं शिक्षण, नोकरी, सोयरीक, सगळं ओसरीवर ठरायचं आणि मागनं आत निरोप जायचा. आजवर एकीनंही तोंड उघडलं नव्हतं, म्हणून आजही कुणी उघडणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं. पुण्याचा माणूस आणला, निरीक्षकांच्या जेवणाचं बघितलं, सात ओळी मोजून घेतल्या. जिच्या नावानं हे चाललं होतं तिला सांगायचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नऊ चाळीसला तेवीसच्या स्क्रीनवर एक चौकोन उघडला.

मायाला पडद्यावर तो पांढऱ्या ठिपक्याएवढाच दिसला, पण तो कसला आहे ते तिला कळलं. मुलगी थांबली. डोळे बारीक करून वाचलं. आता ती ‘हो’ दाबेल, आणि सगळं बिनबोभाट पार पडेल. कुणाला कधी कळणारही नाही. क्षणभर, खरं सांगायचं तर, मायाला तेच व्हावंसं वाटलं. सुटलो असतो एकदाचे.

सायलीनं हात वर केला.

निरीक्षक मॅडम आल्या, वाकून बघितलं आणि कॅमेऱ्याकडे बघून बोट वाकवलं. लॅब सहायकाला बोलावणं होतं ते.

मागच्या खोलीपासून तेवीसपर्यंत बावीस-पंचवीस पावलं असतील. मायाला ती संपता संपेनात. दोन्ही बाजूंना पन्नासेक माणसं, कुणाचा तिसरा प्रयत्न, कुणाचा पाचवा. दाराच्या काचेपलीकडे सुंदरराव. ते हातानं खुणावत होते, दाबू दे, ‘हो’ दाबू दे.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“ताई, मी काहीच दाबलं नाही,” सायली घाबरून म्हणाली. “आपोआप आलं. काय करू?”

चौकोन इंग्रजीत होता. मायाला तो न वाचताही पाठ होता.

“बाहेरून कुणीतरी तुझं मशीन चालवायला मागतंय,” ती म्हणाली. “हो म्हणायचं का नाही, ते विचारतंय.”

“माझं? कावून?” शिकलेली भाषा त्या धक्क्यात गळून पडली. “न्हाई. मी करायलेय ना माझं.” आणि तिनं ‘नाही’ दाबलं.

पाच सेकंदांत चौकोन पुन्हा आला. तिनं पुन्हा ‘नाही’ दाबलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मॅडमनी नेटवर्कची वायर स्वतःच्या हातानं ओढून काढली, मुलीला राखीव मशीनवर बसवलं, गेलेला वेळ भरून दिला, आणि तेवीसवर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. वरच्या मजल्यावर पळापळीचा आवाज झाला आणि मागच्या जिन्यानं तो खाली उतरून गेला.

पेपर सुटल्यावर सुंदररावांनी मायाला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सातवी ओळ इसरलीस ना तू? इसरलीच असशील. म्या तसंच सांगितलंय भाऊसाहेबांना, माझी बी नोकरी हाय. आता नीट ऐक. तुला इचारलं तर म्हण, मला काय ठावं न्हाई. खातं कुणी उघडलं, न्हाई ठावं. बाकीचं त्या पोरीवर जाईल.”

“पोरीवर?”

“तिची सीट, तिचं मशीन. कागदावर तीच येती. भाऊसाहेब म्हणाले, जाऊ दे एक परीक्षा, दुसरीकडं लावू तिला. पण सेंटर राह्यलं पायजे. तू गप बसलीस की तुला धक्का न्हाई. तुझ्या आईला बी न्हाई.”

म्हणजे सुटका अशी हातात आणून दिली होती. काही करायचं नव्हतं, खोटंही फारसं बोलायचं नव्हतं. नुसतं गप राहायचं, आणि त्यात तर ती जन्मापासून तयार होती. मॅडमनी बोलावलं म्हणून कार्यालयाकडे जाताना बाकावर सायली बसलेली दिसली. घरची गाडी फाटकाशी आलेली होती, पण मॅडमनी तिला थांबवून घेतलं होतं.

“ताई,” ती उठून उभी राहिली, “माझा पेपर धरतील ना? चांगला गेलाय हो. गणितात फक्त दोन सुटले.”

मायाच्या डोळ्यांसमोर स्वतःचे दोन गुण आले, आणि तिला राग आला. सुंदररावांचा, भाऊसाहेबांचा, त्या ओसरीचा, आणि काल त्या सहा ओळी निमूटपणे टाकणाऱ्या स्वतःच्या दहा बोटांचाही. भीती तशीच होती, तिळभर कमी झाली नव्हती. राग तिच्या शेजारी येऊन बसला एवढंच.

आत मॅडम अहवाल लिहीत होत्या. “सीट तेवीस, उमेदवार संशयित,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “मशीनमध्ये बाहेरचं खातं सापडलंय, काल दुपारी उघडलेलं. उमेदवाराच्या संगनमताशिवाय असं कुणी करत नाही. तुम्हाला यातलं काही माहीत आहे?”

सुंदरराव दारात उभे होते. खिडकीतून फाटकाशी उभी गाडी दिसत होती आणि तिचं इंजिन चालू होतं. माया खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“त्या मुलीला कुणी विचारलेलं नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणून तर तिनं हात वर केला. खातं मी उघडलंय. काल, तीन वाजून वीस मिनिटांनी. सात ओळी दिल्या होत्या, मी सहाच टाकल्या. कुणी दिल्या ते पण सांगते.”

दारातले सुंदरराव निघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली, मग फरशीवरून फाटकाकडे गेला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मायाकडे नीट बघितलं. मग नवा कोरा कागद पुढं सरकवला. मायानं दोन्ही बाजू भरून लिहिलं, सातही ओळी जशाच्या तशा, सुंदररावांचं नाव, भाऊसाहेबांचं नाव, चहाची वेळसुद्धा.

मॅडमनी सगळं वाचलं. “यावर सही झाली की गुन्ह्यात पहिलं नाव तुमचं लागेल. बाकीचे सुटतील, अडकतील, मला सांगता येत नाही. तुमचं मात्र नक्की. समजतंय?”

“समजतंय.”

“भीती नाही वाटत?”

“लई वाटती,” माया म्हणाली.

तिनं सही केली. हात इतका कापत होता की ती हजेरीपटावरच्या सहीशी जुळेना. मॅडमनी खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मायानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा सही केली.